‘निन्जा गेडन’ला उगाच बदनाम करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या टीव्ही गेमवर पानभर लेख आला. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला एवढी जागा मिळाली याचं कौतुक आधीच करून टाकतो, कारण पुढचा मजकूर तक्रारीचा आहे. ‘निन्जा गेडन’बद्दल त्या लेखात दोन विधानं आहेत. एक, या खेळात शत्रू कुठूनही टपकतात आणि जिंकणं नशिबावर असतं. दोन, आज हाच खेळ फुकटात मोबाईलवर खेळून पाहावा. पहिलं साफ चूक आहे, आणि दुसरं ऐकलं तर वाचकाला पहिलं खरं वाटू लागेल. हे खेळ अजून खेळणारे, त्यांच्या कॅसेटी आणि रिमोट दुरुस्त करणारे आम्ही सोलापुरातले काही जण आहोत. आमच्या सगळ्यांच्या वतीने हे पत्र. पत्र लांबलं आहे. कात्री लावायची झाली तर इतिहासाला लावा, बटणांना नको.

इतिहास एवढ्यासाठीच की लेखात दोन खेळांची सरमिसळ झाली आहे. पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचा ‘निन्जा गेडन’ वेगळा. तो गुंडांच्या टोळ्यांशी मारामारी करण्याचा खेळ. हरलात की बांधून पाडलेल्या निन्जाच्या अंगावर गोल करवत उतरू लागते आणि आकडे उलटे मोजले जातात. लेखात चित्र त्याचं आहे, मजकूर मात्र घरच्या खेळाचा. घरचा खेळ टेक्मो कंपनीने ९ डिसेंबर १९८८ रोजी जपानात ‘निन्जा र्‍युकेनदेन’ या नावाने काढला. १९८९ साली तो अमेरिकेत ‘निन्जा गेडन’ झाला आणि १९९१ साली युरोपात ‘शॅडो वॉरियर्स’. कॅसेट विकत घेताना ही तिन्ही नावं लक्षात ठेवलेली बरी, कारण तोच खेळ दुसऱ्या लेबलखाली गळ्यात मारला जातो. दिग्दर्शक हिदेओ योशिझावा, चित्रं मासातो कातो यांची. र्‍यू हायाबुसा हा नायक. बापाने मागे ठेवलेली चिठ्ठी वाचून तो अमेरिकेला निघतो, तिथून गोष्ट दोन मूर्ती, गुप्तहेर आणि ॲमेझॉनच्या जंगलातलं देऊळ अशी वळणं घेते. मधेमधे सिनेमासारखे प्रसंग येतात, सगळे मिळून २० मिनिटांहून जास्त. त्या काळी घरच्या खेळात असं काही नव्हतंच म्हटलं तरी चालेल, आणि हरून हरून वैतागलेला माणूस रिमोट खाली ठेवत नाही तो बहुतेक पुढचा प्रसंग बघायचा म्हणून.

एकूण ६ अंक, त्यांत २० टप्पे. कंटिन्यू, म्हणजे हरल्यावर पुन्हा खेळ चालू करणं, कितीही वेळा करता येतं. पासवर्ड नाही, सेव्ह नाही. प्रत्येक टप्प्याला १५० पासून उलटं धावणारं घड्याळ. र्‍यूच्या ताकदीच्या १६ काड्या, अंकाच्या शेवटी भिडणाऱ्या बॉसच्याही १६. एवढं ऐकून खेळ काही राक्षसी वाटत नाही. एका फटक्यात मरणाऱ्या निन्जाचे खेळही आहेत. सेगाच्या १९८७च्या ‘शिनोबी’त पार्लरमध्ये तोच प्रकार होता. इथे तर १६ काड्या मिळतात. मग अडतं कुठे?

अडतं ते तीन नियमांच्या मिलाफात. एकेक सुटा घेतला तर कोणताही नियम जाचक नाही.

पहिला नियम धक्क्याचा. शत्रूचा स्पर्श झाला की काडी तर जातेच, शिवाय र्‍यू उसळून मागे फेकला जातो आणि त्या उसळीत तो तुमच्या हातात नसतो. सपाट जमिनीवर याचं काही नाही. पण खेळाच्या उत्तरार्धात जमीन म्हणजे खड्ड्यांच्या मधल्या चार वीतभर पायऱ्या. तिथे १६ पैकी १५ काड्या शिल्लक असताना माणूस जातो. नवखा खेळाडू ताकदीच्या पट्टीकडे बघत खेळतो. खरा हिशोब पायाखालच्या जागेचा असतो.

दुसरा नियम उडीचा आणि तलवारीचा. र्‍यूची उडी कायम एकाच उंचीची. बटण हलकं दाबा की जोरात, फरक नाही. हवेत असताना मात्र त्याला डावीउजवीकडे हवं तसं वळवता येतं. तलवार जमिनीवर चालवली की पाय थांबतात; हवेत चालवली तर उडी अडत नाही. म्हणून हा खेळ पळत आणि उडत खेळायचा आहे. समोर शत्रू दिसला की थांबायचं, वार करायचा, पुन्हा चालायचं, असं करणाऱ्याचा मार्ग इथे प्रत्येक पावलाला अडतो, आणि पुढचा नियम त्याच थांबण्यावर टपलेला असतो.

तिसरा नियम शत्रूंच्या येण्याचा. ‘कुठूनही टपकतात’ म्हणून ज्याची तक्रार झाली आहे तो हाच. प्रत्येक शत्रूची जागा नकाशावर कायमची ठरलेली आहे. पडदा सरकत सरकत ती जागा पडद्याच्या कडेवर आली की शत्रू जन्मतो. आज, उद्या, दहा वर्षांनी, तोच शत्रू त्याच जागी. पण खेळ ‘हा मेला’ अशी नोंद ठेवत नाही. ती जागा कडेबाहेर गेली आणि पुन्हा कडेवर आली की तो पुन्हा हजर. दुकानाच्या उंबऱ्यावर गिऱ्हाईक आलं की घंटी वाजावी तसं आहे हे. तुम्ही उंबऱ्यावरच मागेपुढे करत राहिलात तर घंटी वाजतच राहणार. नेमकं काय होतं ते पाहा. तुम्ही एका अरुंद पायरीवर आहात. पुढच्या पायरीवरचा शत्रू कडेवर उगवला. तुम्ही वार करून त्याला मारलं, बरं वाटलं, आणि उडीसाठी जागा हवी म्हणून अर्धं पाऊल मागे आलात. त्या अर्ध्या पावलाने पडदा मागे सरकला, शत्रूची जागा बाहेर गेली. तुम्ही उडी मारली, पडदा पुढे आला, तो पुन्हा तिथेच उभा. आता तुम्ही हवेत आहात, तो उतरायच्या जागेवर आहे, पहिला नियम लागू होतो आणि तुम्ही खड्ड्यात. पाहणाऱ्याला वाटतं, खेळाने फसवलं. खेळाने फक्त तुमचं अर्धं पाऊल मोजलं. जागा नेमकी कडेवर धरून तुम्ही उभेच राहिलात तर मारलेल्या शत्रूच्या जागी नवा, त्याच्या जागी आणखी एक, अशी न संपणारी रांगही लागते.

यावर उपाय आहेत, आणि ते शिकता येतात. अरुंद जागी मागे यायचं नाही, हा पहिला. उडीसाठी जागा लागणार असेल तर ती शत्रू उगवण्याआधीच घेऊन ठेवायची. दुसरा, उतरायच्या पायरीवर शत्रू उगवत असेल तर उडी थोडी आधी मारायची, म्हणजे तो दिसतो तेव्हा तुम्ही हवेत वर असता आणि उतरता उतरता वार बसतो. तो वार चालू असतानाही उडी पुढे जातेच. दुसरा नियम इथे तुमच्या बाजूने उभा राहतो. तिसरा उपाय जरा चलाखीचा. उगवलेला शत्रू पडद्याबाहेर गेला की नाहीसा होतो, आणि त्याची जागा पुन्हा कडेवरून गेल्याशिवाय परतत नाही. म्हणजे धावणाऱ्या शत्रूला मारायची गरजच नाही. त्याच्यावरून उडी मारून पुढे निघालात की तो मागे पडद्याबाहेर जातो आणि कायमचा सुटतो. या खेळात हात बसलेला माणूस निम्म्याहून जास्त शत्रूंना हातही लावत नाही.

पक्ष्याचा प्रश्न वेगळा. ससाणा सगळ्यांनाच छळतो, कारण तो सरळ रेषेत येत नाही. तुमच्या दिशेने वेग घेतो, पुढे निघून जातो, वळून परत येतो. त्याच्यापासून पळणारा हटकून खातो, कारण पळताना मागे येणं आलं आणि मागे आलं की दुसरा ससाणा आला. जागेवर उभं राहून, तो तलवारीच्या टप्प्यात शिरताच एकच वार. टप्पा आखूड आहे. घाईने वार केला तर तलवार परत येईपर्यंत ससाणा छातीवर असतो.

भिंतीबद्दल आपल्या लेखात ‘निन्जा भिंती चढतो’ एवढंच आहे. पहिल्या भागात तो चढत नाही, चिकटतो. सरळ वर चढायची सोय १९९० सालच्या दुसऱ्या भागात आली. दोन भिंती समोरासमोर असतील तर सोपं: चिकटलेल्या भिंतीच्या उलट दिशा आणि उडीचं ‘ए’ बटण एकदम दाबायचं, समोरच्या भिंतीला चिकटलं की पुन्हा तेच. एकाच भिंतीवर वर जायचं तर उलट दिशा अधिक ‘ए’, आणि पाय सुटताक्षणी अंगठा परत भिंतीच्या बाजूला. दरवेळी थोडी उंची मिळते. अंगठा परतायला उशीर झाला तर उलट आधीपेक्षा खालीच चिकटतो. हे पहिल्याच अंकात निवांतपणे घोटून ठेवावं. कारण पुढे उडी किंचित तोकडी पडली की र्‍यू पायरीच्या वर न उतरता तिच्या बाजूला चिकटतो, खाली खड्डा असतो, आणि तिथून वर यायला हाच एक रस्ता. अनेकांना वाटतं की तो अडकला, रिमोट बिघडला.

रिमोट खरोखर बिघडलेलाही असू शकतो, ते पुढे सांगतो.

अस्त्रांचं थोडक्यात. ‘वर’ची दिशा आणि तलवारीचं ‘बी’ बटण एकत्र दाबलं की अस्त्र सुटतं आणि शक्तीचे गुण खर्च होतात. साध्या शुरिकेनला (फेकायच्या चांदणीला) ३, चक्रासारख्या मोठ्या शुरिकेनला ५, तिरप्या जाणाऱ्या आगीच्या गोळ्यांना ५. मोठं शुरिकेन सगळ्यांत किफायतशीर, कारण ते तुमच्याकडे परत येतं आणि तुम्ही झेलेपर्यंत फिरतच राहतं. परत येताना त्याच्यावरून उडी मारा, की त्याच ५ गुणांत ते आणखी एक फेरी मारतं. उडीतल्या फिरत्या वाराचं अस्त्र बॉससाठी सोनं आहे. एका उडीत एकावर एक घाव बसतात आणि बॉसची पट्टी भराभर उतरते. पण ते ‘वर’ न दाबता, हवेत नुसतं ‘बी’ दाबलं तरी सुटतं. वाटेत प्रत्येक उडीला वार करत गेलात तर बॉसच्या दारात पोचेपर्यंत गुण शून्य. आणखी एक: वाटेतला दिवा फोडून नवं अस्त्र उचललं की हातातलं जातं. म्हणून दिसेल तो दिवा फोडत सुटू नये. कोणत्या दिव्यात काय आहे तेही ठरलेलंच आहे.

आपल्याकडच्या रिमोटवर ‘ए’ आणि ‘बी’च्या वर दोन टर्बो बटणं असतात, धरून ठेवली की आपोआप भराभर दाबली जाणारी. ती या खेळात बंद समजा. टर्बो ‘बी’ धरून ‘वर’ला अंगठा लागला की सगळे गुण क्षणात जातात, आणि टर्बो ‘ए’ भिंतीवर आत्मघातकी आहे.

बॉसबद्दल फार लिहीत नाही. खरं सांगायचं तर बॉस हा या खेळाचा कच्चा भाग आहे. टप्पे पार करणारा माणूस पहिल्या पाच बॉसपुढे सहसा अडत नाही. चौथ्या अंकाच्या शेवटी दोन श्वापदं एकदम येतात, त्यांतल्या एकालाच इजा होते एवढं माहीत असलं की झालं. एकाला वार लागू पडत नसेल तर दुसऱ्याकडे वळा.

सहावा अंक मात्र खरोखरच निर्दय आहे. ६-२ या टप्प्यात वर सांगितलेले तिन्ही नियम एकाच पडद्यावर भेटतात: तोकड्या पायऱ्या, पाठीवर यंत्र बांधून उडत येणारे सैनिक आणि ससाणे. इथे थांबणं म्हणजे मरणं. हा टप्पा डोळ्यांनी बघत खेळता येत नाही; कोणत्या पायरीवरून कधी उडायचं हे क्रमाने पाठ असावं लागतं. पाठ करायची रीत अशी की मेल्यावर ‘कसा मेलो’ हे न बघता ‘कोणत्या पायरीवर थांबलो’ ते बघायचं. पुढच्या वेळी तिथे थांबायचं नाही. पायरीपायरीने असं पुढे सरकलं की एक दिवस टप्पा सलग निघतो, आणि एकदा निघाला की पुढे बऱ्याचदा निघतो. नशिबाचा खेळ असा वागत नाही.

६-४ला शेवटचे तीन बॉस लागोपाठ येतात: मुखवटेवाला, गोष्टीतला खलनायक जाक्विओ आणि सैतान. त्यांतल्या कोणाकडूनही हरलात तर खेळ तुम्हाला थेट ६-१ला नेऊन सोडतो. म्हणजे पुन्हा ६-२. याची बाजू आम्ही घेणार नाही. बाकी सगळा अवघडपणा काही तरी शिकवतो. या शिक्षेने नवीन काही शिकता येत नाही, फक्त बोटं दुखतात. दिलासा एवढाच की हरवलेला बॉस हरलेलाच राहतो. परत आल्यावर पुढच्यापासून सुरुवात. आणि मुखवटेवाल्यावर वार करत बसू नका. त्याला ताब्यात ठेवणारा गोळा फोडायचा असतो. का, ते सांगितलं तर गोष्टीचा विचका होईल.

आता तो मोबाईलचा सल्ला. काचेवर रंगवलेल्या बटणांना कड नसते. उलट दिशा अधिक ‘ए’, लगेच परत दिशा, ही हालचाल अंगठ्याला बटणाची कड लागल्याशिवाय भरवशाने होत नाही. त्यात अंगठ्याखाली पडद्याचा नेमका तो कोपरा झाकला जातो जिथे शत्रू उगवतो. मोबाईलच वापरायचा तर वायरवाला रिमोट जोडा. ब्लूटूथचा असेल तर आधी साध्या जागी भिंतीची उडी करून उशीर जाणवतो का ते पाहा.

याहून महत्त्वाची एक गोष्ट लेखातून पूर्ण सुटली आहे, आणि ती आपल्याकडच्या खेळाडूंसाठी खास आहे. मूळ जपानी आणि अमेरिकी मशीन सेकंदाला ६० चित्रं काढतं. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, ५०चे. त्यामुळे बाजारात आलेल्या नकली टीव्ही गेमपैकी बहुतेक ५०वर चालतात. खेळाचा सगळा हिशोब चित्रांत मोजलेला असतो, सेकंदांत नाही. म्हणून ५०च्या मशीनवर अख्खा खेळ एक षष्ठांशाने मंद चालतो. शत्रू, उडी, घड्याळ, सगळंच. गाण्यांचा सूर जवळपास तोच राहतो, लय तेवढी संथ होते. ज्यांनी लहानपणी नकली मशीनवर खेळ पुरा केला त्यांना मोबाईलवर तोच खेळ पिसाळल्यासारखा वाटतो तो यामुळे. हात म्हातारे झाले म्हणून नव्हे. जुन्या मशीनचं झाकण उघडल्यावर आत ‘यूए ६५२७पी’ लिहिलेली चिप दिसली तर ते ५०चं समजावं. काळ्या डांबराच्या ठिपक्याखाली सगळं दडवलेलं असेल तर गाण्याच्या लयीवरूनच ओळखायचं. नव्याने शिकणाऱ्यांनी खुशाल ५०च्या मशीनवर सुरुवात करावी. यात कमीपणा नाही. पण पुढे ६०वर जायचं असेल तर उड्यांची वेळ पुन्हा बसवावी लागते, विशेषतः ६-२ला.

दुसरा छुपा शत्रू म्हणजे नवा टीव्ही. सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर संस्कार करत बसतो. जुन्या मशीनचं साधं चित्र मोठं करताना काही टीव्ही ५० ते १०० मिलिसेकंद घेतात. ६०च्या हिशोबात ती ३ ते ६ चित्रं झाली. ससाणा तेवढ्यात तलवारीचा टप्पा ओलांडून आत आलेला असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर चालू करा, चित्र गुळगुळीत करणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा. सगळ्यांत उत्तम म्हणजे काचेच्या नळीचा जुना टीव्ही. त्यात असा उशीर जवळजवळ नसतोच. भंगारात तो अजून मिळतो. फक्त मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद करून ठेवलेल्या नळीतही जोराचा झटका बसेल एवढा विजेचा भार राहतो.

कॅसेटीविषयी. ‘९९९९९९ इन १’ कॅसेटीत हा खेळ का नसतो, असं अनेक जण विचारतात. ‘मारिओ’चा पहिला खेळ ४० केबीचा, ‘निन्जा गेडन’ २५६ केबीचा. स्वस्तातल्या कॅसेटीत छोटेच खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा भरलेले असतात. याला स्वतंत्र कॅसेट लागते, किंवा तीन-चार मोठे खेळ असलेली. चित्र तुकड्या-तुकड्यांत दिसतंय पण खेळ आणि गाणं नीट चालू आहे, तर चित्राच्या बाजूच्या पिना मळल्या आहेत. पडदाच कोरा राहिला तर प्रोग्रामच्या बाजूचा संपर्क पाहा. तोंडाने फुंकर मारायची सवय सोडा. फुंकरीतल्या ओलाव्याने तांबं काळं पडतं. कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ६० पिना दोन्ही बाजूंनी पुसा आणि पूर्ण वाळू द्या. यंत्रमागाच्या भागात सुताचा बारीक कचरा मशीनच्या खाचेत जाऊन बसतो, तो आधी कोरड्या मऊ ब्रशने काढावा, नाहीतर अल्कोहोलने त्याचा लगदा होतो.

रिमोटमध्ये दिशांच्या रबराखालच्या काळ्या गोळ्या झिजतात, बहुधा उजवीकडची आधी, कारण खेळ उजवीकडे पळतो. मग उजवीकडच्या भिंतीवर परतायची उडी फसू लागते आणि दोष खेळाला मिळतो. चार स्क्रू काढा, पट्टी अल्कोहोलने पुसा, आणि काळी गोळी गुळगुळीत चकाकत असेल तर रबरच बदला.

सेव्ह नसल्यामुळे वीज गेली की ६-३ असो की ६-४, सगळं पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळ्यात सोलापुरात हे काय ते सांगायला नको. मशीन आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. मशीनला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो; तो बिघडला की घरातला १२ व्होल्टचा लावतात आणि तो चालतोही, म्हणूनच धोका. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा भाग सगळी वीज ५ व्होल्टवर आणतो आणि वरची सगळी उष्णतेत घालवतो. मशीनने ४०० मिलिअँपिअर घेतले तर ९ व्होल्टवर १.६ वॅट, १२ व्होल्टवर २.८ वॅट. मे महिन्यात बंद खोलीत ही जास्तीची उष्णता त्याला झेपत नाही. मशीन अर्ध्या तासाने अडकतं, चित्र गोठतं. अडॅप्टरच्या पिनेची दिशाही पाहून घ्या, मूळ जपानी मशीनला मधली पिन ऋण असते आणि बऱ्याच नकली मशीननी तेच उचललं आहे.

मुद्दाम अवघड केलेला खेळ कोणता, हे दाखवायचं असेल तर लेखकाने याच मालिकेचा १९९१चा तिसरा भाग घ्यायला हवा होता. जपानी आवृत्तीत पासवर्ड होते आणि कंटिन्यूला मर्यादा नव्हती. अमेरिकी आवृत्तीत पासवर्ड काढले, कंटिन्यू ५ वर आणले आणि फटक्याला जाणाऱ्या काड्या वाढवल्या. अमेरिकेत तेव्हा कॅसेटी भाड्याने मिळत, जपानात तसं भाड्याने देता येत नव्हतं, आणि भाड्याच्या दोन दिवसांत खेळ संपू नये हा हिशोब अशा अनेक बदलांमागे होता. त्याला अन्याय म्हणा, आमची हरकत नाही. कॅसेट घेताना जपानी मिळाली तर तीच घ्या.

आणि ज्यांना इतका खटाटोप नको त्यांच्यासाठी ३१ जुलै २०२५ रोजी ‘निन्जा गेडन: रेजबाउंड’ आला आहे. स्पेनच्या द गेम किचनने तो केला. खेळ बाजूने सरकणाराच आहे, आणि र्‍यू अमेरिकेत असताना मागे गावात काय झालं ते त्यात आहे. मूळ खेळ निन्टेंडो स्विचच्या ऑनलाइन संग्रहातही आहे, तिथे मागे फिरवायची सोय मिळते. ती ६-२ पार करायला वापरू नका, घोटायला वापरा: एकच उडी, तीच जागा, हात बसेपर्यंत, मग सोय बंद करून ६-१ पासून.

पुढच्या पुरवणीत निदान चित्र तरी बरोबर खेळाचं छापावं, ही विनंती.

कळावे,
आपले,
जुने टीव्ही गेम खेळणारे आणि दुरुस्त करणारे काही वाचक
सोलापूर